चिनी सुलेखन पाहावे कसे? लिपी न येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

चिनी सुलेखनाचा पट समोर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात लिहिलंय काय?" उत्तर मिळत नाही आणि नजर पुढच्या चित्राकडे सरकते. खरे तर मुक्त शीघ्रलिपीतला, म्हणजे अक्षरांचा संक्षेप करून लिहिलेला पट चिनी माणसालाही सरसकट वाचता येतो असे नाही. तरी जाणकार त्यापुढे तासभर थांबतो. हात कुठे थबकला, कुठे दाबला गेला, शाई कुठे संपत आली आणि ती संपत असताना लिहिणाऱ्याने घाई केली की रेटून नेले, हे तो पाहत असतो. या कलेत रेघ एकदाच ओढायची असते, कुंचला परत फिरवून ती सजवायची नसते. अक्षरातल्या फटकाऱ्यांचा क्रमही ठरलेला असतो. त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वी वाळलेल्या कागदावरून लिहिण्याची सगळी हालचाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडता येते. पुढच्या पायऱ्या ही हालचाल डोळ्यांनी पकडता यावी म्हणून आहेत. त्यासाठी चिनी भाषा येण्याची गरज नाही.

देवनागरी सुलेखनाची सवय असलेल्यांनी आधीच एक फरक लक्षात घ्यावा. बोरूचे किंवा कट निबचे टोक तिरके छाटलेले असते. रेघेची जाडी त्या छाटाच्या कोनातून येते, त्यामुळे एकाच दिशेच्या सगळ्या रेघा साधारण सारख्याच जाड निघतात. चिनी कुंचला शंकूसारखा निमुळता असतो आणि जाडी दाबावर ठरते. एकच आडवी रेघ सुरुवातीला जाड, मध्ये बारीक आणि शेवटी पुन्हा जाड होऊ शकते. बोरूच्या नजरेने पाहिले तर हा चढउतार अस्थिर हाताचा दोष वाटतो, पण कौशल्य नेमके तिथेच असते. दुसरे म्हणजे इथे शिरोरेखा नाही. अक्षरे कशाला टांगलेली नसतात. प्रत्येक अक्षर एका अदृश्य चौकोनात स्वतःचा तोल सांभाळून उभे असते.

तयारी: एक कृती, खऱ्या आकारात

संग्रहालयात एका दिवसात चाळीस पट पाहून हाती काही लागत नाही. एक कृती निवडा आणि तिच्यासोबत आठवडाभर राहा. तैपेईचे राष्ट्रीय राजवाडा संग्रहालय, बीजिंगचे राजवाडा संग्रहालय आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकाराची चित्रे पाहायला मिळतात.

सुरुवातीला तीन कृती पुरतात. रेघेची बांधणी समजण्यासाठी यान झेनछिंगचा 'यान छिनली' शिलालेख (इ.स. 779). वाहत्या हाताचा अंदाज येण्यासाठी वांग शीझीची 'लानथिंग प्रस्तावना' (353). शाई आणि भावना यांचा संबंध पाहण्यासाठी सू शीचा 'हानशी' म्हणजे थंड अन्नाच्या सणावरच्या कवितांचा पट (1082). भिक्षू ह्वाइसूचे 777 सालचे आत्मकथन भुरळ घालणारे आहे, पण त्याने सुरुवात करू नये. आधी नियमबद्ध रेघ डोळ्यांत बसली नसेल, तर त्यातली बेफाम धाव नुसता गुंता वाटते.

निवडलेली कृती खऱ्या आकारात छापून घ्या. 'लानथिंग'ची बीजिंगमधली प्रसिद्ध प्रत 24.5 सें.मी. उंच आणि 69.9 सें.मी. लांब आहे. ए-थ्री आकाराचे दोन कागद आडवे जोडले की ती मावते. छापल्यावर कळते की एकेक अक्षर जेमतेम दोन सेंटिमीटरचे आहे. पडद्यावर वीतभर मोठे करून पाहिलेली अक्षरे मनात भिंतीवरच्या फलकासारखी बसलेली असतात. ती बोटांच्या आणि मनगटाच्या हालचालीतून आली आहेत, हे खऱ्या आकाराशिवाय पटत नाही. एक ओळ मात्र चौपट मोठी करून वेगळी छापा. रेघांचा अभ्यास तिच्यावर करायचा.

पायरी 1: सुरुवात कुठून

पारंपरिक लेखन वरून खाली चालते आणि ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात. म्हणजे सुरुवात उजव्या वरच्या कोपऱ्यात आणि लेखकाची सही व शिक्का डाव्या टोकाला. आडवा गुंडाळपट हातात धरून, एका वेळी दोन हातांच्या अंतराएवढाच उलगडत पाहायचा असतो. संग्रहालयात तो पूर्ण पसरलेला असतो, तरी वाचन उजव्या टोकापासूनच सुरू करावे. दाराच्या दोन बाजूंना लावलेल्या जोडओळींत उजवी पट्टी आधी वाचतात. मुंबईत माझगावला चिनी समाजाचे जुने मंदिर आहे. तिथे गेलात तर दारापासूनच हा क्रम लावून पाहा.

मग लाल शिक्के वेगळे काढा. लेखकाचा शिक्का सहीजवळ, छोटा. बाकीचे बहुतेक नंतरच्या संग्राहकांचे असतात. सम्राट छियानलोंगने (राज्यकाळ 1735 ते 1796) त्याच्या संग्रहातल्या कृतींवर इतके शिक्के उमटवले आहेत की काही ठिकाणी मूळ लेखन पाहुण्यासारखे अंग चोरून बसलेले दिसते. वांग शीझीचे म्हणून जपलेले 'बर्फानंतरची उघडीप' हे पत्र जेमतेम 23 सें.मी. उंच आणि 15 सें.मी. रुंद आहे, आणि त्याच्याभोवती छियानलोंगच्या शिक्क्यांची आणि शेऱ्यांची गर्दी आहे. मांडणीचा विचार करताना हे सगळे नजरेने पुसून टाकावे लागते. हा सराव कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही.

पायरी 2: लिपीची शैली ओळखणे

शैली पाच. मुद्रालिपी (झुआनशू) सर्वांत जुनी. तिच्यात रेघांची जाडी सर्वत्र सारखी, वळणे गोल, अक्षरे उभट आणि डावी-उजवी बाजू समतोल. शिक्क्यांवर आजही हीच असते.

कारकुनी लिपी (लीशू) हान राजवटीच्या काळातली. अक्षरे बसकी आणि रुंद. तिची खूण म्हणजे लांब आडव्या रेघेची सुरुवात गोल, रेशीमकिड्याच्या डोक्यासारखी, आणि शेवट वर उचललेला, रानहंसाच्या शेपटीसारखा. एका अक्षरात अशी शेपटी एकच असते. दोन दिसल्या तर लिहिणारा नवशिका समजावा. 185 सालचा 'त्साओ छुआन' शिलालेख या शैलीचा सर्वांत देखणा नमुना मानतात. त्याची नजाकत मात्र काहींना जरा जास्तच गोड वाटते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

प्रमाणलिपी (काईशू) म्हणजे प्रत्येक फटकारा सुटा आणि पूर्ण. धावती लिपी (शिंगशू) म्हणजे फटकारे एकमेकांकडे झुकलेले, मधूनमधून जोडलेले. शीघ्रलिपी (त्साओशू) म्हणजे अक्षराचा संक्षेप, ज्यात कधी चार फटकाऱ्यांचे काम एका वळणात होते. शीघ्रलिपी म्हणजे प्रमाणलिपी भरभर लिहिली की झाली, असा समज सर्रास दिसतो. इतिहास उलटा आहे. शीघ्रलिपी हान काळात कारकुनी लिपीच्या घाईतून निघाली, आणि प्रमाणलिपी त्यानंतर परिपक्व झाली. म्हणूनच शीघ्रलिपीतले काही आकार प्रमाणलिपीवरून ओळखताच येत नाहीत.

पायरी 3: लांबून, डोळे बारीक करून

आता छापील प्रत भिंतीला लावून दोन मीटर मागे जा आणि डोळे अर्धे मिटा. अक्षरे विरघळतात, काळे-पांढरे पुंजके उरतात. कोणता भाग दाट, कोणता विरळ? ओळींमधली मोकळी जागा सरळ वाहते की अक्षरे दोन्ही बाजूंनी तिच्यात घुसतात? मग प्रत उलटी, डोके खाली करून लावा. आपल्याला लिपी येत नाही हा इथे फायदाच आहे, कारण अर्थ मध्ये येत नाही आणि तोल सरळ दिसतो.

मग पेन्सिल घ्या. ओळीतल्या प्रत्येक अक्षराच्या मध्यावर टिंब द्या आणि टिंबे जोडा. प्रमाणलिपीत जवळजवळ सरळ रेघ येईल. 'हानशी'त ती डावी-उजवी डुलते, तरी ओळ कलंडत नाही. एक अक्षर उजवीकडे झुकले तर पुढचे एक-दोन मिळून तो झोल परत आणतात. हे एकदा दिसले की पानाची मांडणी म्हणजे काय ते निराळे सांगावे लागत नाही. कमकुवत कृतीत अक्षरे एकेकटी सुबक असतात, पण ओळ तुटक वाटते. पाठ केलेली सुटी अक्षरे एकाखाली एक ठेवली की असे होते.

पायरी 4: एक रेघ

इथे सर्वाधिक वेळ द्यावा. चौपट मोठी केलेली ओळ घ्या आणि कोणतीही आडवी रेघ निवडा. प्रत्येक रेघेला तीन भाग असतात: उतरणे, चालणे, थांबणे.

उतरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. टोक लपवून उतरायचे असेल तर उजवीकडे जायच्या आधी कुंचला किंचित डावीकडे ढकलून मग वळवतात. टोक रेघेच्या पोटात दडते आणि सुरुवात गोलसर, भरीव दिसते. टोक उघडे ठेवून उतरले तर सुरुवात तिरकी आणि धारदार. पहिलीत संयम, दुसरीत चपळाई. वांग शीझी उघड्या टोकाचा वापर मोकळेपणाने करतो, यान झेनछिंगच्या उतारवयातल्या शिलालेखांत लपलेल्या टोकाचा जोर आहे.

चालताना कुंचल्याचे टोक कुठे होते ते कडांवरून कळते. दोन्ही कडा सारख्याच स्वच्छ असतील तर टोक रेघेच्या मधोमध चालले. एक कड गुळगुळीत आणि दुसरी खरबरीत असेल तर कुंचला आडवा पडून टोक एका कडेने गेले. मधोमध चालणाऱ्या टोकाच्या रेघेला गोलाई येते, ती कागदावर उठून आल्यासारखी दिसते. आडव्या टोकाची रेघ सपाट, पण तिला वेग आणि चमक असते. नवखे मार्गदर्शक मधल्या टोकालाच श्रेष्ठ ठरवून मोकळे होतात. मी फू या नावाच्या सुलेखनकारासारखा (1051 ते 1107) कलावंत टोक सतत बदलत राहतो, आणि त्याच्या अक्षरातली मजा त्या बदलण्यातच आहे.

जुन्या चिनी ग्रंथांत चांगल्या रेघेला 'वाळूत अरीने ओढलेली' म्हणतात. अरी वाळूत रुतते, दोन्ही बाजूंना वाळू सारखी सरते आणि खोली मध्ये राहते. दुसरे वर्णन 'गळक्या घराच्या भिंतीवरचा ओघळ'. पाणी थांबते, साठते, मग पुढे सरकते. म्हणजे रेघ घसरत जाऊ नये, कागदाचा विरोध सोसत जावी.

दोषांनाही नावे आहेत, आणि ती पाहणाऱ्याच्या फार उपयोगाची आहेत. रेघेच्या सुरुवातीला दोन टेंगळे आली तर 'बैलाचे डोके', कारण कुंचला ठेवून नीट न वळवता ओढला. शेवट लुळा, बारीक होत संपला तर 'उंदराची शेपटी', कारण थांबण्याआधीच हात उचलला. मध्येच अकारण आवळली तर 'गांधीलमाशीची कंबर', कारण चालताना दाब सुटला. वळणावर गाठ आली तर 'करकोचाचा गुडघा', कारण वळताना कुंचला उचलायचा राहिला. आडव्या रेघेची दोन्ही टोके खाली लोंबली तर 'मोळीची कावड'. आणि जाडजूड, शाईने सुजलेल्या पण आत ताकद नसलेल्या अक्षराला सरळ 'शाईचे डुक्कर' म्हणतात. दुकानात मिळणाऱ्या सजावटी पटांवर हे डुक्कर वारंवार भेटते.

पायरी 5: अक्षराची बांधणी

अक्षराभोवती पेन्सिलने चौकोन काढा. त्यात उभी, आडवी आणि दोन तिरक्या अशा चार रेघा ओढून आठ भाग करा. चिनी विद्यार्थ्यांच्या सरावाच्या कागदावर हेच जाळे छापलेले असते. आता पाहा: फटकारे मध्याशी दाटले आहेत की कडेला पसरले आहेत? आडव्या रेघा उजवीकडे किती चढल्या आहेत? प्रमाणलिपीत त्या किंचित चढत्याच असतात. तो चढ सावरायला उजवीकडे खाली एखादा वजनदार फटकारा दिलेला असतो. तो सापडला की अक्षर का पडत नाही ते कळते.

थांग राजवटीच्या काळातल्या तीन हातांची तुलना इथे सर्वांत जास्त शिकवते. ओउयांग श्युन (557 ते 641), यान झेनछिंग (709 ते 785) आणि ल्यू गोंगछुआन (778 ते 865). ज्या अक्षरात दोन उभ्या रेघा समोरासमोर असतात, उदाहरणार्थ दार किंवा चौकट असलेले अक्षर, ते तिघांच्या लेखनात शोधा. ओउयांगच्या 632 सालच्या 'ज्यूछंग राजवाड्याच्या गोड झऱ्या'च्या शिलालेखात या रेघा कमरेत आत ओढलेल्या असतात, त्यामुळे अक्षर उंच आणि ताठ वाटते. यानच्या लेखनात त्या बाहेर फुगतात, अक्षर रुंद आणि ऐसपैस होते. ल्यूच्या 841 सालच्या 'शुआनमी स्तूप' शिलालेखात रेघ सडपातळ, सांधे टोकदार. 'यानचे स्नायू, ल्यूची हाडे' ही चिनी म्हण याच दोघांवरून आहे. यानमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी: आडव्या रेघा बारीक आणि उभ्या जाड. या फरकामुळे अक्षर रुंद असूनही बसकट दिसत नाही.

यानचाच 752 सालचा 'दुओबाओ स्तूप' शिलालेख आणि 779 सालचा 'यान छिनली' शेजारी ठेवा. सत्तावीस वर्षांचे अंतर. पहिला नीटस, घट्ट, थोडा आज्ञाधारक. दुसऱ्यात मध्य मोकळा झाला आहे. सारखी दिसणारी चार अक्षरे दोन्हींतून काढून शेजारी चिकटवली की हा बदल शिक्षकाशिवाय दिसतो.

पायरी 6: शाई

ही पायरी शिलालेखाच्या (दगडावरून कागदावर घेतलेल्या) ठशावर करता येत नाही, आणि 'लानथिंग'वरही जपूनच करावी. 'लानथिंग'चे मूळ लेखन हरवले आहे. परंपरा सांगते की ते थांग सम्राट थाइझोंगच्या थडग्यात गेले. आज दिसतात त्या थांग काळातल्या नकला, आणि त्यांत सर्वांत नावाजलेली प्रत बाह्यरेषा काढून आत शाई भरण्याच्या पद्धतीशी जोडलेली आहे. तशा प्रतीत शाईचा नैसर्गिक ओसर कसा सापडणार? तरी नकलाकाराने एके ठिकाणी कमाल केली आहे. 'प्रत्येक' अर्थाच्या अक्षरात आधी लिहिलेली 'एक'ची आडवी रेघ गडद ठेवली आणि नंतर वाढवलेला भाग फिका. मूळ लेखकाने शब्द बदलला होता, ते तसेच उतरवले आहे.

शाईसाठी यान झेनछिंगचा 758 सालचा 'पुतण्याच्या श्राद्धलेखाचा कच्चा मसुदा' घ्या. आन लुशान या सेनापतीने केलेल्या बंडात त्याचा चुलतभाऊ आणि पुतण्या मारले गेले. पुतण्याचे फक्त शीर हाती आले. मसुद्याच्या सुरुवातीला तारीख आणि पदव्या आहेत, तिथे हात ताब्यात आहे. पुढे खाडाखोड वाढते, शाई संपत आली तरी कुंचला चालूच राहतो, रेघ फाटून कागद मधून मधून दिसू लागतो. अशा चिरफाळलेल्या रेघेला चिनीत 'उडता पांढरा' म्हणतात.

सराव असा. छापील प्रतीवर जिथे रेघ एकदम गडद आणि ओली होते तिथे लाल खूण करा. तिथे कुंचला शाईत बुडवला. दोन खुणांमधली अक्षरे मोजा. वाक्य संपल्यावर बुडवला की मधेच? कोरडे पडल्यावरही किती अक्षरे रेटली? शांतपणे लिहिणारा माणूस ठरावीक अंतराने बुडवतो, इथे ते अंतर कोलमडताना दिसते. ओळीचा अर्थ भाषांतरात वाचून घेतला तर कोलमडणे कुठे होते तेही लागते.

उलट टोकाला वांग दुओ (1592 ते 1652). तो शाई इतकी ओली घेतो की फटकारे फुटून एकमेकांत मिसळतात आणि अक्षराचा डाग होतो. लगेच पुढे कोरड्या रेघा येतात. फुटलेली शाई दोष की हेतू हे ठरवायला पुढचे अक्षर पाहावे. कोरड्याकडे जाणारा उतार जाणीवपूर्वक असेल तर तो हेतू.

पायरी 7: बोटाने चालणे

फटकाऱ्यांच्या क्रमाचे चार नियम पुरेसे आहेत: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवा आधी आणि उभा नंतर, चौकट असेल तर आत भरून मग तळ बंद. हे लक्षात ठेवून तर्जनी छापील अक्षरावरून फिरवा. घाई नको, पण थांबूही नका. जाड जागी बोट दाबा, बारीक जागी उचला. पहिल्यांदा एका ओळीला दोन मिनिटे लागू द्या, मग वेग वाढवा. एका वेगाला अशी वेळ येते की बोट आणि रेघ जुळतात. मूळ हात साधारण त्याच चालीने गेला असावा.

धावत्या लिपीत दोन फटकाऱ्यांमध्ये केसासारखे धागे दिसतात. कुंचला हवेत जाताना कागदाला किंचित घासला, त्याचा तो माग. चांगल्या लेखनात धागा बारीक असतो आणि मुख्य फटकारा वजनदार. धागाही तेवढाच जाड झाला तर अक्षर दोरीने बांधल्यासारखे दिसते. आपल्या मोडीतही लेखणी न उचलता लिहिण्याचा कल आहे. मोडी पाहिलेल्या डोळ्याला इथली लपेट लवकर कळते, मात्र मोडीत नसलेला दाबाचा चढउतार मुद्दाम शोधावा लागतो.

'लानथिंग'साठी खास सराव. 28 ओळी, 324 अक्षरे, आणि त्यात 'झी' हे अक्षर वीस वेळा येते. वर टिंब, मग नागमोडी वळण, शेवटी उजवीकडे लांबणारा पाय. वीसही जागा शोधून काढा, कापा आणि रांगेत लावा. एकही दुसऱ्यासारखे नाही. प्रत्येकाचा आकार शेजारच्या अक्षराने ठरवला आहे: वर गर्दी असेल तर पाय आखूड, पुढे मोकळे असेल तर लांब. चौथ्या-पाचव्या ओळीपाशी दोन अक्षरे ओळींच्या फटीत कोंबलेली दिसतील. लिहिताना राहून गेलेले शब्द आहेत ते.

पायरी 8: आता मजकूर

मजकूर शेवटी वाचण्यात शहाणपण आहे, कारण आधी वाचला तर डोळा रेघांतही तीच भावना शोधू लागतो. 'हानशी' हे चांगले उदाहरण. सू शी राजकीय रोषामुळे ह्वांगझोला हद्दपार होता. कवितेत पाऊस, रिकामे स्वयंपाकघर, मोडकी चूल, तिच्यात जाळलेली ओली लव्हाळी. पहिल्या कवितेत अक्षरे लहान आणि आवरलेली. दुसऱ्या कवितेत ती मोठी होतात, 'मोडकी चूल' हे शब्द शाईने दडपून येतात, आणि कावळ्याच्या चोचीतल्या कागदाचा उल्लेख येतो तिथे 'कागद' या अक्षराची उभी रेघ खाली लांब सुटते. पायरी 3 आणि 6 मध्ये तुम्ही खुणा केलेल्या जागा आणि या जागा ताडून पाहा. पटाच्या शेवटी ह्वांग थिंगजियानने लिहिलेला अभिप्राय आहे, मूळ लेखनाइतकाच दणकट. दोन मित्रांचे हात एकाच पटावर तुलनेला मिळतात अशा जागा थोड्या.

दगडावरची अक्षरे पाहताना

जुन्या कृती पुष्कळदा शिळाठशांच्या रूपात मिळतात: काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे. कोरलेल्या दगडावर ओला कागद बसवून वरून शाईची पुरचुंडी थोपटली की ठसा निघतो. यात बांधणी उत्तम दिसते, शाईचे काहीच दिसत नाही. रेघेची कड खरबरीत दिसली तर ती कुंचल्याची की झिजलेल्या दगडाची, हे आधी ठरवा. शेजारच्या कोऱ्या भागातही तसेच ओरखडे असतील तर दोष दगडाचा. ही गल्लत मोठ्यांकडूनही झाली आहे. चिंग राजवटीच्या अखेरचे सुलेखनकार ली रुइछिंग झिजलेल्या शिळांचा भास आणण्यासाठी थरथरती रेघ काढत, आणि त्यावर टीकाही झाली.

कुंचला हाती घेऊन पाहा

सुलेखनकार व्हायचे नसले तरी एक दुपार कुंचल्याला द्यावी, पायरी 4 पटकन पचते. लागते ते एवढेच: मिश्र केसांचा मध्यम कुंचला (केसांची लांबी सुमारे 4 सें.मी.), बाटलीतली काळी चिनी शाई, शाई कमी फुटणारा सरावाचा कागद आणि खाली अंथरायला लोकरी कापड. निव्वळ बकरीच्या केसांचा कुंचला फार मऊ असतो, वाकला की उठत नाही, तो पहिल्याच दिवशी नको. मुंगसाच्या कुळातल्या वाटाव्या अशा पिवळ्या वीझल प्राण्याच्या शेपटीचे केस उसळते असतात. मिश्र कुंचला या दोहोंच्या मधला.

नवा कुंचला खळीने ताठ केलेला असतो. कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून बोटांनी हळू मोकळा करा. गरम पाण्यात केस धरून ठेवणारा डिंक सुटतो आणि केस गळतात. बशीत दोन चमचे शाई घ्या, केसांचा दोन तृतीयांश भाग भिजवा आणि कडेला निथळून टोक जुळवा. कुंचला उभा धरा, मनगट टेकवू नका.

'योंग' म्हणजे 'चिरंतन' हे अक्षर 8 ते 10 सें.मी. आकारात काढा. टिंब, आडवी, उभी, आकडी, वर जाणारी, लांब डावी, आखूड डावी आणि उजवा पाय अशा आठही मूलभूत हालचाली त्यात असल्याने शतकानुशतके हाच कित्ता गिरवतात. आधी पातळ कागद वर ठेवून गिरवा, मग कित्ता शेजारी ठेवून पाहून काढा. गिरवताना आकार कळतो, पाहून काढताना फटकाऱ्यांचा क्रम आणि जोर. शाई फुटली तर कारण तीनपैकी एक: कुंचला निथळला नाही, शाईत पाणी जास्त, किंवा कागद बिनखळीचा आणि हात एका जागी रेंगाळला. टोक दुभंगले तर शाई कमी आहे किंवा कुंचला फिरवताना पिळला गेला. उजव्या पायाचा शेवट पसरट आला तर दाबल्यानंतर थांबून मग उचलायचे राहिले. काम झाल्यावर थंड पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि टोक खाली करून टांगा. साबण नको.

मूळ कृती कुठे, आणि जाण्यापूर्वी

शिळांसाठी शीआनचे बेइलिन संग्रहालय. 1087 साली सुरू झालेल्या या शिळांच्या वनात 'यान छिनली', 'दुओबाओ', 'शुआनमी' आणि 'त्साओ छुआन' एका आवारात आहेत. बऱ्याच महत्त्वाच्या शिळांवर काच आहे. समोरून प्रतिबिंब दिसते म्हणून थोडे तिरके उभे राहा, कोरीव खोलीही तशीच दिसते.

कागदावरच्या कृतींसाठी तैपेई: 'हानशी', पुतण्याचा मसुदा आणि ह्वाइसूचे आत्मकथन तिघेही तिथे. प्रकाशाने कागद खराब होतो म्हणून अशा कृती थोडे आठवडे मांडून मग वर्षांसाठी आत ठेवतात. पुतण्याचा मसुदा 2019 मध्ये टोकियोला पाठवला तेव्हा चीन आणि तैवान दोन्हीकडे त्यावरून वाद पेटला होता. त्यामुळे नाव वाचून तिकीट काढू नका, त्या तारखांना कोणती कृती भिंतीवर आहे ते संग्रहालयाच्या पानावर पाहून मगच काढा. दालनात उजेड मंद असतो. डोळे सरावायला पाच मिनिटे द्या, आणि जवळून पाहण्यासाठी छोटी एकनळी दुर्बीण जवळ ठेवा, कारण काचेपासून पट हातभर आत असतो. स्वतःची खुणा केलेली छापील प्रत सोबत न्या: प्रत्यक्षात शाईचा ओलावा आणि कागदाचा रंग छपाईपेक्षा वेगळा दिसतो, आणि घरी लावलेल्या लाल खुणांपैकी काही तिथेच खोडाव्या लागतात.